मणक्यातील लवचीक इम्प्लांटचे कार्ड रुग्णाच्या हातात द्या : खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
तसेच मणक्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या राज्यातील रुग्णालयांचे व्यवस्थापक व शल्यचिकित्सक यांस,

विषय : दोन मणक्यांमधल्या झिजलेल्या गादीसाठी (डिस्क) बसवल्या जाणाऱ्या लवचीक इम्प्लांटची नोंद, बिल आणि पाठपुरावा

महोदय, महोदया,

डायनेसिस या लवचीक इम्प्लांटची शस्त्रक्रिया झालेल्या कमरेचा एक्स-रे काढला की फिल्मवर चार स्क्रू दिसतात. दोन वरच्या मणक्यात, दोन खालच्या. त्यांना जोडणारे काहीच दिसत नाही. जोडणारी दोरी पॉलिएस्टरची असते, तिच्यावर ओवलेली नळी पॉलिकार्बोनेट युरेथेनची, आणि क्ष-किरण दोन्हींतून आरपार जातात. समजा शस्त्रक्रिया पुण्यात झाली, सहा वर्षांनी पुन्हा पाय दुखू लागला आणि रुग्ण नांदेडच्या डॉक्टरांकडे गेला. डिस्चार्ज कार्डावर ‘स्पाइन फिक्सेशन केले’ एवढीच ओळ असेल, तर रॉड बसवलाच नव्हता की नंतर काढला, हे त्या डॉक्टरांनी ओळखायचे कसे? आत दोरी आहे हेच ठाऊक नसेल, तर ती तुटली आहे का हा प्रश्न त्यांच्या डोक्यात येणार नाही.

हे पत्र त्या कार्डासाठी आहे. मागणी साधी आहे, पण ती का करावी लागते हे इम्प्लांट काम कसे करते ते पाहिल्याशिवाय पटणार नाही.

फ्यूजनमध्ये, म्हणजे दोन मणके कायमचे जोडून टाकण्याच्या शस्त्रक्रियेत, टायटॅनियमचे स्क्रू आणि रॉड मणके घट्ट धरून ठेवतात ते हाड जुळून येईपर्यंत. सहा महिने, वर्षभर. हाड नीट जुळले की भार हाडावर जातो आणि रॉडचे काम जवळपास संपते. लवचीक इम्प्लांटला अशी सुट्टी नाही. इथे हाड जुळवायचेच नसते. गादीवरचा ताण कमी करायचा, सांधा मर्यादेत हलू द्यायचा आणि शेजारच्या गादीवर जादा भार पडू द्यायचा नाही, असा हेतू असतो. म्हणजे पन्नाशीत बसवलेल्या स्क्रूला आणि दोरीला रुग्ण जितकी वर्षे चालेल, वाकेल तितकी वर्षे राबायचे असते. फ्यूजनच्या रुग्णाला दोन वर्षांनी ‘आता यायची गरज नाही’ म्हणणे बऱ्याचदा चालून जाते. इथे दोन वर्षांनी खरी परीक्षा सुरू होते.

प्रयोगशाळेतल्या चाचणीकडे पाहा. स्क्रू-रॉडची रचना तपासण्याची रूढ पद्धत म्हणजे एएसटीएम या मानक संस्थेची एफ१७१७. तिच्यात इम्प्लांटवर ५० लाख वेळा भार चढवतात आणि उतरवतात. तेवढ्यात तुटले नाही तर पास. हा आकडा ठरला तो हाड जुळेपर्यंतचा काळ निभावला पाहिजे या हिशेबाने. दिवसाला ५,००० पावले चालणारा माणूस वर्षाला सव्वाअठरा लाख पावले टाकतो. ५० लाखांचा टप्पा तीन वर्षांच्या आत ओलांडतो. प्रत्येक पावलाचा भार चाचणीतल्या भाराइतका नसतो, हे खरे. तरीही आयुष्यभर टिकायच्या वस्तूला हा आकडा पुरेसा नाही. हलत्या इम्प्लांटसाठी एएसटीएम एफ२६२४ ही वेगळी पद्धत आहे, तिच्यात झीजही मोजतात. खरेदी समितीने विक्रेत्याकडे अहवाल मागताना तो कोणत्या पद्धतीचा, किती आवर्तनांचा आणि आवर्तने संपल्यावर नळीची उंची किती उरली, हे तिन्ही विचारावे. ‘टेस्टेड’ एवढ्या शब्दावर समाधान मानू नये.

लवचीक इम्प्लांटचे प्रकार पुष्कळ आहेत. उदाहरणासाठी आम्ही डायनेसिस घेतो, कारण त्याच्यावर सर्वांत जास्त लिहिले गेले आहे आणि त्याच्या गुणदोषांवरून बाकीच्यांचीही कल्पना येते.

त्याच्या आधी फ्रान्समध्ये ऑन्री ग्राफ यांनी स्क्रूंमध्ये नुसते पॉलिएस्टरचे पट्टे ताणून बसवले होते. पट्टा मागून ओढला गेला की मणके मागे झुकत, नस बाहेर पडते ती खिडकी अरुंद होई, आणि ज्या पायदुखीसाठी शस्त्रक्रिया केली तीच नव्याने उभी राही. जिल दुबुआ यांनी दोरीवर नळी ओवली ती यासाठी. पुढे वाकताना दोरी आवरते, मागे झुकताना नळी दबून अडवते. १९९४ पासून हे इम्प्लांट माणसांत बसवले जात आहे.

जर्मनीतल्या उल्म इथे शवांच्या मणक्यांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मागे झुकण्याची हालचाल जवळपास नैसर्गिक राहिली. पुढे आणि बाजूला वाकणे मात्र मूळ मणक्याहून बरेच कमी झाले. कंबर पिळण्याच्या हालचालीवर पकड सैल होती. तेव्हा ‘हालचाल पूर्वीसारखीच राहते’ असे रुग्णाला सांगणे चूक आहे. थोडी राहते, तीही दिशेप्रमाणे.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध व उपकरण नियामक संस्थेने, २००४ मध्ये डायनेसिसला परवानगी दिली ती फ्यूजनला जोड म्हणून. फ्यूजनशिवाय वापरू द्यावे ही मागणी नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीपुढे आली, पण समितीने तिला अनुकूल कौल दिला नाही. त्याच वर्षी एफडीएने पेडिकल स्क्रूवर (मणक्याच्या मागून आत घातलेल्या स्क्रूवर) बसणाऱ्या लवचीक प्रणालींच्या उत्पादकांना, विक्रीनंतर रुग्णांचे काय होते याचा अभ्यास करण्याचा आदेश दिला. युरोपात अनुभव संमिश्र आहे. झुरिकच्या गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शस्त्रक्रियेचा उपयोग झाला असे म्हणणारे रुग्ण निम्मेच होते, आणि दोन वर्षांत १९ टक्क्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली किंवा ठरली. इतर ठिकाणचे निष्कर्ष याहून चांगलेही आहेत. शेजारची गादी खरोखर वाचते का, यावर मात्र अजून एकमत नाही. विक्रीच्या पत्रकात ते सिद्ध झाल्यासारखे लिहिलेले असते, ते थांबवावे.

आता ओटीतली, म्हणजे शस्त्रक्रियागृहातली गोष्ट. इथे मिलिमीटर महत्त्वाचे आहेत.

नळी तयार लांबीची मिळत नाही. दोन स्क्रूंच्या डोक्यांतले अंतर मापकाने मोजायचे आणि नळी तिथेच कापायची. ती २ मिलिमीटर लांब राहिली तर मणके मागून उचलले जातात, कमरेची नैसर्गिक कमान सपाट होते आणि रुग्ण पुढे झुकून चालू लागतो. आखूड झाली तर ग्राफच्या पट्ट्याचीच गत : मागे झुकाव, नस बाहेर पडायची खिडकी बारीक. काप काटकोनात हवा. तिरका काप म्हणजे नळीची एकच कड स्क्रूच्या डोक्यावर टेकणार, सगळा भार त्या कडेवर जाणार आणि ती तिथूनच झिजू लागणार. मोजताना रुग्ण पालथा कसा झोपवला आहे यावरही उत्तर बदलते. पोट मोकळे आणि मांड्या सरळ असतील तर उभे राहतानाची कमान टेबलावर बऱ्यापैकी टिकते. गुडघे-छाती पद्धतीने वाकवून झोपवले तर कमान आधीच सपाट झालेली असते, मोजलेले अंतर जास्त भरते आणि नळी लांब कापली जाते. मापात चूक नसूनही लांबी चुकते ती अशी.

दोरी ताणयंत्राने सुमारे ३०० न्यूटनवर ताणायची, म्हणजे ३० किलो वजन टांगल्याइतकी, आणि मग आवळस्क्रू टॉर्कच्या पान्याने बसवायचा. हाताच्या अंदाजाने नाही. दोरीला साध्या पकडीचे दात लागता कामा नयेत. ओरखडलेला धागा टेबलावर तुटत नाही, तीन वर्षांनी तुटतो. शिवाय पॉलिएस्टर सतत ताणाखाली हळूहळू लांबते. बाजेची सुतळी वर्षभरात सैल पडते तसेच. फरक एवढाच की ही सुतळी पुन्हा आवळता येत नाही.

स्क्रूची जागा फ्यूजनपेक्षा थोडी बाहेरची, फॅसेट सांध्याला (मणक्यांना मागून जोडणाऱ्या छोट्या सांध्याला) धक्का न लावता घेतलेली असावी लागते. सांधा हलता ठेवायचा आणि स्क्रूने तोच खरवडायचा, याला अर्थ नाही. एकदा आत गेलेला स्क्रू उंची जुळवण्यासाठी उलटा फिरवू नये. हाडातली पकड कमी होते, विशेषतः स्क्रूचा गाभा निमुळता असेल तर. इथे ती पकड हाच कमकुवत दुवा आहे. रॉडच्या शस्त्रक्रियेत हाड जुळल्यावर स्क्रूवरचा ताण उतरतो, इथे उतरत नाही. सैल झालेल्या स्क्रूभोवती एक्स-रेवर काळी कडा दिसते. ती पूर्ण लांबीभर आणि १ मिलिमीटरहून रुंद असेल तर सैल समजावे. सेक्रमचा, म्हणजे कमरेखालच्या त्रिकोणी हाडातला (एस१) स्क्रू सैल होण्याचा धोका जास्त. फिल्म पाहताना नजर आधी तिथे जावी.

म्हणूनच हाडांची घनता आधी तपासणे आवश्यक. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा चाचणीत टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाशी तुलना दाखवणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हे इम्प्लांट बसवू नये. डेक्सा यंत्र तालुक्याच्या गावी नसते, ही अडचण आम्हाला माहीत आहे. पण रुग्णाचा सीटी स्कॅन आधीच झालेला असेल तर एल१ (कमरेच्या पहिल्या) मणक्याच्या स्पंजी भागाचा हाउन्सफिल्ड आकडा, म्हणजे सीटीवरची घनता, रेडिऑलॉजिस्ट दोन मिनिटांत काढून देऊ शकतात. ११० च्या खाली आला तर हाड ठिसूळ असल्याची दाट शक्यता, म्हणून पुढे जाण्याआधी डेक्सा करावीच. जादा खर्च नाही, जादा किरणोत्सर्ग नाही.

रुग्णनिवडीबद्दल थोडक्यात. नुसत्या एमआरआयवर काळी गादी दिसली म्हणून शस्त्रक्रिया नको. कोणताही त्रास नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा २०१५ चा मोठा आढावा सांगतो की विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत गादीची झीज दिसतेच. चालताना पाय भरून येणे, नस दबल्याची खूण, मणक्याचे पहिल्या, म्हणजे सौम्य श्रेणीपर्यंतचे सरकणे, नस मोकळी केल्यावर मणका अस्थिर होण्याची भीती : विचार करायचा तो अशा रुग्णांत, तोही व्यायाम आणि औषधांना पुरेसा अवधी दिल्यावर. गादी पूर्ण बसलेली असेल, मागची हाडाची कमान मोडून मणका सरकला असेल, पाठ बाकदार असेल, जंतुसंसर्ग असेल, तर नाही.

मणक्यांच्या मागे निघालेल्या दोन हाडी काट्यांच्या मध्ये बसवायच्या ठोकळ्यांबद्दलही तेवढेच सांगतो. शस्त्रक्रिया छोटी, भूल हलकी, म्हणून वृद्धांना ती गळी उतरते. नेदरलँड्समधल्या चाचणीत, जी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, ठोकळा आणि नेहमीची नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया यांत बरे वाटणे सारखेच निघाले, पण पुन्हा टेबलावर जाणारे ठोकळ्याच्या गटात २९ टक्के आणि दुसऱ्या गटात ८ टक्के होते. एवढा एकच आकडा संमतीपत्रात मराठीत छापला तरी पुष्कळ काम होईल.

आता नोंदीकडे. टायटॅनियमचे स्क्रू-रॉड अनेक ठिकाणी विक्रेत्याकडून ‘सेट’ म्हणून येतात : मोठा ट्रे, त्यात निर्जंतुक न केलेले सुटे स्क्रू. रुग्णालय तो ऑटोक्लेव्ह करते, लागले तेवढे वापरते, बाकीचा ट्रे परत. या सुट्या स्क्रूंना ओळख सांगणारा स्टिकर नसतो. लॉट क्रमांक, म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक, स्क्रूच्या डोक्यावर कोरलेला असतो आणि तो डोक्याला लावायच्या भिंगाशिवाय वाचता येत नाही. नळी आणि दोरी मात्र कंपनीकडून निर्जंतुक बंद पाकिटात येतात, त्यांवर स्टिकर असतो. ही पाकिटे फाटली किंवा मुदत संपली तर ऑटोक्लेव्ह करून वापरता येत नाहीत; वाफेच्या उष्णतेने आणि ओलाव्याने युरेथेनचे गुणधर्म बदलू शकतात. कापून उरलेला नळीचा तुकडा दुसऱ्या रुग्णासाठी जपून ठेवणे तर सरळ गुन्हा समजावा.

तो स्टिकर पुढे कुठे जातो? विम्याच्या किंवा योजनेच्या दाव्याच्या फायलीत. दाव्याला तो लागतो म्हणून तो हरवत नाही. रुग्णाला तो लागत नाही असे गृहीत धरलेले असते, म्हणून त्याला मिळत नाही. आणि बिलात ‘स्पाइन इम्प्लांट : १ संच’. स्टेंट आणि गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर २०१७ मध्ये कमाल मर्यादा आली. मणक्याच्या इम्प्लांटला तशी मर्यादा नाही. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणांची छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, एवढेच. छापील किंमतच मुळात फुगवलेली असेल तर या १० टक्क्यांचा रुग्णाला काय उपयोग? निदान चार स्क्रू, दोन नळ्या, दोन दोऱ्या असे सुटे लिहिले तर कशाचे किती घेतले हे त्याला कळेल.

नोंद नसली की काय होते याचे उदाहरण महाराष्ट्राला नवे नाही. खुब्याचा एएसआर नावाचा कृत्रिम सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या; केंद्राने नेमलेल्या समितीच्या अहवालानुसार त्यांतल्या सुमारे ३,६०० रुग्णांचा माग लागला नाही. त्या प्रकरणात पहिले पाऊल आपल्याच राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने उचलले होते, म्हणून हे पत्र आधी आपल्याकडे येते आहे. मणक्यातही असे घडले आहे : पॉलिकार्बोनेट युरेथेनचीच बनवलेली कॅडिस्क-एल ही कृत्रिम गादी युरोपात काही वर्षे विकली गेली आणि २०१४ मध्ये बाजारातून मागे घ्यावी लागली.

आमच्या मागण्या अशा. पहिली, डिस्चार्जच्या वेळी रुग्णाला कडक कागदाचे किंवा प्लास्टिकचे इम्प्लांट कार्ड मिळावे. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत : इम्प्लांटचे आणि उत्पादकाचे नाव, मणक्यांची पातळी, प्रत्येक स्क्रूचा व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक, प्रत्येक नळीची कापलेली लांबी डावी-उजवी वेगळी, दोरीचा लॉट, तारीख, शल्यचिकित्सकाचा नोंदणी क्रमांक. आणि ठळक अक्षरांत एक ओळ : ‘या इम्प्लांटचा जोडणारा भाग एक्स-रेवर दिसत नाही.’ ट्रेमधल्या स्क्रूचा लॉट क्रमांक तो हाडात जाण्याआधी परिचारिकेने मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने लिहावा. यासाठी लागतात दोन मिनिटे आणि ओटीत एक भिंग. नवा कायदा लागत नाही. विक्रेत्यांची नोंदणी आणि खरेदी-विक्रीच्या नोंदी २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली आहेतच. प्रशासनाच्या निरीक्षकांनी विक्रेत्याकडे गेल्यावर परत आलेल्या ट्रेची नोंद आणि रुग्णालयाचे बिल जुळवून पाहावे. न जुळणारे स्क्रू तिथेच सापडतील.

दुसरी मागणी पाठपुराव्याची. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षे, आणि मग दर दोन वर्षांनी, जोवर इम्प्लांट आत आहे तोवर. फिल्म उभे राहून काढावी. वर्षानंतरच्या प्रत्येक भेटीत पुढे वाकून आणि मागे झुकूनही. दोरी दिसत नाही, पण स्क्रूंमधला कोन दिसतो. आधीच्या फिल्मशी तुलना केल्यावर पुढे वाकताना स्क्रू जास्त फाकत असतील तर दोरी सैल किंवा तुटलेली असण्याचा संशय घ्यावा. एकाच बाजूचे स्क्रू जवळ आले असतील तर त्या बाजूची नळी. त्यासाठी जुनी फिल्म हवी, म्हणून सीडी रुग्णाकडेच द्यावी. जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये असे इम्प्लांट मंजूर होत असेल तर या भेटींचा आणि एक्स-रेचा खर्च त्याच पॅकेजमध्ये धरावा. गडचिरोलीहून नागपूरला स्वतःच्या खिशातून दर दोन वर्षांनी कोणी येणार नाही.

घरी जाताना देण्याच्या सूचनाही इथल्या राहणीला धरून हव्यात. परदेशी पत्रकाचे भाषांतर ‘खुर्चीत टेकून बसा’ म्हणते; पंगतीला मांडी घालून बसणे, उकिडवे बसून भांडी घासणे, भारतीय शौचालय, खुरपणी, दुचाकीवरून खड्डे, यांबद्दल त्यात काही नसते. उल्मच्याच गटाने १९९९ मध्ये गादीत बसवलेल्या सेन्सरने मोजले होते : उभे असताना दाब ०.५ मेगापास्कल, पाठ वाकवून २० किलो उचलताना २.३. उकिडवे बसून खाली वाकले की दोरी सतत ताणात राहते. पहिले तीन महिने शौचाला कमोड किंवा स्टूल, पाच किलोपर्यंतच वजन, खुरपणी आणि दुचाकी बंद. त्यानंतर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने एकेक गोष्ट सुरू करावी. लघवी अडणे, मांड्यांमधला भाग बधिर होणे, पाऊल लुळे पडणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात, सकाळची वाट न पाहता. ही ओळ कार्डाच्या मागे लाल शाईत असावी.

तिसरी, बिघाड कळवण्याची. वैद्यकीय उपकरणांच्या बिघाडांवर लक्ष ठेवणारा भारताचा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम ६ जुलै २०१५ पासून आहे. समन्वय गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे, मदतवाहिनी १८००-१८०-३०२४. सैल स्क्रू, तुटलेली दोरी, झिजलेली नळी यांची माहिती तिथे द्यायची असते. काढलेल्या इम्प्लांटचा धातू जैववैद्यकीय कचऱ्याच्या निळ्या डब्यात जातो आणि पुरावा संपतो. त्याऐवजी प्रत्येक भाग वेगळ्या डबीत, डावा-उजवा आणि वरचा-खालचा असे लिहून, मोजपट्टीसह छायाचित्र काढून, तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ठेवावा. नळी ऑटोक्लेव्ह करू नये. मग शरीरात झालेला बदल आणि वाफेने झालेला बदल वेगळे ओळखता येत नाहीत. भाग कंपनीच्या प्रतिनिधीकडे द्यायचा झाला तर पावती घ्यावी आणि छायाचित्रे रुग्णालयात ठेवावीत.

राहिले ते रुग्ण ज्यांच्यात ही इम्प्लांट्स आधीच बसली आहेत. रुग्णालयांनी ओटी रजिस्टर आणि दाव्यांच्या फायली काढाव्यात. स्टिकर तिथेच चिकटवलेले आहेत. त्यावरून यादी करावी, फोन करावेत, राहिलेले कार्ड आता द्यावे आणि ज्यांची दोन वर्षांत तपासणी झालेली नाही त्यांना एक्स-रेसाठी बोलवावे. किती जण सापडले आणि किती नाही, हे दोन्ही आकडे रुग्णालयांनी प्रशासनाला कळवावेत.

आपले,
मणक्याच्या शस्त्रक्रियागृहात, इम्प्लांटच्या चाचणीत आणि शस्त्रक्रियेनंतरच्या फिजिओथेरपीत काम करणारे आम्ही काही जण